बसून चालवायच्या मोवरचे टायर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला, गवत वर आलं, की माझा फोन वाजायला लागतो. अमेरिकेत आलेल्या आणि घरामागे पाऊण-एक एकर हिरवळ पदरात पडलेल्या ओळखीच्या मराठी घरांतून हे फोन येतात. इंजिनाबद्दल फारसं कोणी विचारत नाही, सगळ्यांचं घोडं टायरपाशी अडलेलं असतं. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा ती एका जागी लिहून ठेवली आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न ३ वाचा. टायर बदलायला निघालेल्या निम्म्या लोकांना टायर नको असतो, हवा हवी असते.

१. टायरच्या कडेला २०×८.००-८ असं लिहिलंय. हे वाचायचं कसं?

पहिला आकडा हवा भरलेल्या टायरची उंची, म्हणजे बाहेरचा व्यास. दुसरा आकडा रुंदी आणि शेवटचा रिमचा व्यास. सगळं इंचांत. म्हणजे हा टायर २० इंच उंच, ८ इंच रुंद आणि ८ इंची रिमवर बसणारा. ४२ इंची डेकच्या (डेक म्हणजे पात्यांवरचं आवरण) साध्या लॉन ट्रॅक्टरला बहुतेक वेळा मागे हाच साइज असतो आणि पुढे १५×६.००-६. त्याहून दणकट गार्डन ट्रॅक्टरला पुढे १६×६.५०-८ आणि मागे २३×१०.५०-१२ अशी जोडी दिसते.

४.८०/४.००-८ असं काही दिसलं तर ती जुनी पद्धत. त्यात उंची दिलेलीच नसते, सुरुवातीचे आकडे रुंदीचे असतात. असे टायर एकचाकी हातगाडीला आणि छोट्या ट्रेलरला लागतात. शेजारी ‘एनएचएस’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की हा टायर हमरस्त्यावर पळवण्यासाठी नाही.

२. मोवर सेकंडहँड घेतलाय. पुस्तिका नाही आणि टायरवरचे आकडे झिजलेत. साइज कसा शोधू?

सीट उचला. खाली किंवा मागच्या चौकटीवर मॉडेल नंबरची पट्टी असते. त्या नंबरावरून कंपनीच्या साइटवर सुट्या भागांचं चित्र मिळतं आणि त्यात टायरचा साइज असतो. टायरवर अर्धवट दिसणाऱ्या आकड्यापेक्षा या पट्टीवर भरवसा ठेवा, कारण आधीच्या मालकाने काय बसवलं असेल सांगता येत नाही.

टेप घेऊन रिम मोजायला गेलात तर एक चूक हमखास होते. लोक रिमच्या बाहेरच्या ओठापासून ओठापर्यंत मोजतात आणि ‘माझा रिम ९ इंची आहे’ म्हणून फोन करतात. टायर ज्या बैठकीवर टेकतो ती आतली जागा मोजायची असते. ओठ त्याहून साधारण इंचभर मोठा असतो. म्हणजे ९ इंची वाटणारा तुमचा रिम बहुधा ८ इंचीच आहे.

३. हवा किती भरायची? टायरवर एक आकडा आहे, पुस्तिकेत दुसरा.

पुस्तिकेतला आकडा खरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तिथपर्यंत भरा असं तो सांगत नाही. साध्या लॉन ट्रॅक्टरला पुढे साधारण १२ ते १५ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आणि मागे १० च्या आसपास हवा लागते. गाडीच्या टायरमध्ये ३२-३५ असते. पेट्रोल पंपावरच्या पाइपने भरायला गेलात की डोळ्याची पापणी लवायच्या आत मोवरचा टायर २५ वर जातो. म्हणून सायकलच्या पायपंपाने भरा, आणि ० ते २० पीएसआय दाखवणारा कमी दाबाचा गेज वेगळा घ्या. गाडीचा गेज १० च्या आसपास फार भरवशाचा नसतो, आणि इथे दोन पीएसआयनेसुद्धा फरक पडतो.

का पडतो? हवेचा मऊ टायर जमिनीला साधारण आपल्या आतल्या दाबाइतकाच दाबतो. १० पीएसआयचा टायर पसरून बसतो आणि वजन वाटून घेतो. तोच २० ला फुगवला की मधल्या पट्टीवर उभा राहतो. मग गवतात चाकोऱ्या पडतात, टायरचा मधला भाग झिजतो, ओल्या गवतावर पकड सुटते आणि सीटवर तुमचे मणके खुळखुळतात. उलट ६ वर आणलात तर वळताना टायरची कड रिमवरून उतरते आणि हवा एकदम निघून जाते. बाजूच्या भिंती दुमडून दुमडून त्यांना भेगा पडतात त्या वेगळ्याच.

हवा सकाळी, मोवर चालवायच्या आधी मोजा. थंडीने दाब उतरतो: तापमान १० अंश फॅरनहाइटने घसरलं की अशा कमी दाबाच्या टायरमधून साधारण अर्धा पीएसआय जातो. ऑक्टोबरात ठेवलेला मोवर मार्चमध्ये बसलेला दिसला, तर पंक्चरच झालं असेल असं नाही.

४. दुकानात इतक्या नक्ष्या आहेत. कोणती घ्यावी?

हिरवळ कापायची असेल तर टर्फ. छोटे छोटे ठोकळे, उथळ खाचा, गोलसर खांदे अशी त्याची नक्षी असते. कार्लाइलचा ‘टर्फ सेव्हर’ किंवा केंडाचे टर्फ टायर याच जातीचे. तुमच्या मोवरला कारखान्यातून आलेले टायरही जवळपास नक्की हेच असतात आणि दहातल्या नऊ जणांना हेच पुन्हा घ्यायला मी सांगतो.

शेतातल्या ट्रॅक्टरसारखे तिरपे उंच दात असलेल्या टायरला इथे बार किंवा लग म्हणतात, त्यावर आर-१ अशी खूण असते. हे नांगरट, बर्फ, कच्चा रस्ता यांच्यासाठी. टर्फची खूण आर-३. या दोहोंच्या मध्ये आर-४ बसतो. तो मुळात बांधकामाच्या यंत्रांसाठीचा, त्यामुळे हिरवळीला कडक पडतो. गोल फिरणाऱ्या पट्ट्यांचा ‘रिब’ टायर फक्त पुढच्या चाकांसाठी. त्याला ओढायचं नसतं, वळण धरायचं असतं, आणि ते काम तो छान करतो. गुळगुळीत टायर झीरो टर्नच्या (जागच्या जागी वळणाऱ्या मोवरच्या) पुढच्या चाकांना असतात, ते प्रश्न १५ मध्ये.

५. आमची माती चिकण आहे. पाऊस पडला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात. दाताचे टायर घालू का?

हा प्रश्न मला टेक्सासहून सगळ्यात जास्त येतो, आणि त्याला कारण आहे. डॅलस-ऑस्टिन पट्ट्यातली ब्लॅकलँड प्रेअरीची माती आणि आपली दख्खनची काळी कपाशीची माती एकाच जातीच्या, दोन्ही वर्टिसॉल. पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पायाला चिकटते ती घरात येईपर्यंत सोडत नाही. नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जियातली लाल चिकणमाती थोडी वेगळी, पण ओली असताना तिचंही वागणं असंच.

आता उत्तर. नाही, घालू नका. मी घातले होते. पहिल्या वर्षी मोवर रुतला म्हणून हौसेने मागे बार टायर बसवले. मोवर रुतायचा थांबला खरा, पण प्रत्येक वळणावर बर्म्युडा गवताचा हातभर गालिचा उपटून मागे फेकायला लागला. जूनपर्यंत यार्डच्या कडेला औत फिरवल्यासारखे पट्टे होते. दात चिखलात शिरून पकड घेतात. तुमच्या हिरवळीची बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन इंचांत असतात, आणि दात नेमके तिथेच शिरतात.

खरा इलाज गावाकडे सगळ्यांना माहीत असतो, इथे आल्यावर आपण विसरतो: वाफसा येऊ द्या. पाऊस थांबला, वरून कोरडं दिसलं, म्हणजे वाफसा आला असं नाही. दोन इंच खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टिचकी मारा. गोळा फुटला तर मोवर काढा. अंगठ्याचा नुसता ठसा उमटला तर आणखी एक दिवस थांबा. शनिवारी कापायची सवय असली म्हणून शनिवारी वाफसा येत नाही. ओल्या चिकणमातीवर कोणताही टायर फिरवला की ती दाबून विटेसारखी होते, आणि मग पुढची दोन वर्षं तिथे गवत नीट धरत नाही.

गवताची जातही बघा. बर्म्युडा धावत्या फांद्यांनी आणि जमिनीखालच्या खोडांनी पसरतं, केंटकी ब्लूग्रास जमिनीखालून. त्यामुळे यांच्यातली जखम हळूहळू भरते. टॉल फेस्क्यूचं ठोंब असतं, ते फारसं पसरत नाही. त्यात पडलेली चाकोरी बी टाकल्याशिवाय बुजत नाही. फेस्क्यू असेल तर दाताचे टायर दुकानातच राहू द्या.

एक तोडगा मात्र आहे. हवा पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर खाली आणा. माझ्याकडे ‘रुततो’ म्हणून आलेल्या मोवरमध्ये पहिल्यांदा गेज लावतो, आणि बहुतेक वेळा काटा २० च्या पुढे असतो.

६. मागच्या उतारावर मोवर घसरतो. कोणता टायर घेतला की घसरणार नाही?

उतार किती आहे ते आधी सांगा. बहुतेक कंपन्या बसून चालवायच्या मोवरसाठी १५ अंशांची मर्यादा देतात. १० फूट आडवं गेल्यावर साधारण २.७ फूट चढ, म्हणजे १५ अंश. दहा फुटी सरळ फळी आणि लेव्हल घेऊन पाच मिनिटांत मोजता येतं. पुस्तिकेच्या शेवटी कापून वापरायचा उतारमापकही बरेचदा असतो. उतार १५ च्या वर असेल तर टायरचा विचार सोडा आणि तो भाग ढकलायच्या मोवरने कापा. पकड चांगली मिळाली की माणूस आणखी वर जातो, आणि मोवर आधी घसरत होता तो आता उलटतो. घसरण्यापेक्षा उलटणं कितीतरी वाईट.

१५ च्या आत असेल तर लॉन ट्रॅक्टर सरळ वर आणि सरळ खाली चालवा, आडवा नको. (ढकलायचा मोवर बरोब्बर उलटा: आडवा चालवायचा.) उतारावर वळू नका आणि दवात कापू नका. टायरची नक्षी झिजून गेली असेल तर नवे टर्फ टायर घ्या, फरक लगेच जाणवतो. तरीही मागे वजन कमी वाटलं तर प्रश्न ७.

झीरो टर्नवाल्यांनी जास्त जपावं. त्याची पुढची चाकं नुसती फिरतात, दिशा मागच्या दोन चाकांच्या वेगावरून ठरते. मागच्या चाकांची पकड सुटली की ओढ जातेच, शिवाय सुकाणूही जातं. तळं किंवा भिंत खाली असेल अशा उतारावर झीरो टर्न नेऊ नका, टायर कुठलाही असो.

७. मागच्या टायरमध्ये पाणी भरतात असं ऐकलं. खरंच?

खरंच. गावाकडच्या ट्रॅक्टरमध्येही भरतात. वजन खाली आणि मागे येतं, पकड वाढते. अमेरिकेच्या उत्तरेत साधं पाणी गोठतं, म्हणून पर्याय शोधावे लागतात. बीटच्या रसापासून केलेलं द्रव मिळतं. ते पाण्याहून बरंच जड, थंडीत टिकणारं आणि गंज न आणणारं असतं, पण महाग पडतं. काचा धुवायचं निळं पाणी स्वस्त, पण हलकं. कॅल्शियम क्लोराइड जड आणि स्वस्त, मात्र रिम खातं, आणि गळलं की तिथलं गवत मरतं. गाडीचं नेहमीचं अँटीफ्रीझ टाकू नका. ते चवीला गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विषारी असतं.

व्हॉल्व्ह वर ठेवून त्या पातळीपर्यंतच भरायचं, म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश. वरची जागा हवेला लागते. माझं मत विचाराल तर साध्या लॉन ट्रॅक्टरसाठी हा उद्योग करू नका. रिमला बाहेरून बोल्टने लावायची लोखंडी वजनं मिळतात. हिवाळ्यात लावा, उन्हाळ्यात काढा. कायमचं भरलेलं पाणी उन्हाळाभर चाकोऱ्या पाडत फिरतं.

८. एकच टायर फाटला. एकच बदलला तर चालेल?

पुढचा असेल तर चालेल. मागचा असेल तर दोन्ही बदला, निदान दुसरा अगदी नवा नसेल तर. झिजलेला आणि नवा यांच्या उंचीत अर्धा इंच सहज पडतो. मग डेक कलतो आणि डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला) सरळ चालतानाही फिरत राहावं लागतं. एकाच आसावर दोन वेगळ्या नक्ष्या तर अजिबात नकोत. पुढे रिब आणि मागे टर्फ अशी जोडी मात्र खुशाल लावा.

९. २० इंचीच्या जागी २२ इंची बसतोय. बसवला तर मोवर जरा उंच आणि दिमाखदार दिसेल ना?

दिसेल. पण प्रत्येक फेऱ्यात चाक १० टक्के जास्त अंतर कापेल, म्हणजे वेग तेवढा वाढेल आणि ओढायची ताकद साधारण तेवढीच घटेल. साध्या मोवरमधला हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारा) गिअर आधीच बेताच्या ताकदीचा असतो. चढावर तो तापतो, आणि तो बदलायचा खर्च ऐकलात तर दिमाख उतरेल.

दुसरं म्हणजे मागचा आस एक इंच वर जातो आणि पुढचा तिथेच राहतो. अख्खा मोवर नाकावर झुकतो. डेकचं पुढचं टोक मागच्यापेक्षा पाव इंचापर्यंत खाली असावं असा बहुतेकांचा हिशेब असतो, तो कोलमडतो आणि उंचवट्यांवर गवत मुळापासून भादरलं जातं. साइज बदलू नका. बदलायचाच असेल तर रुंदी बदला, त्यासाठी पुढचा प्रश्न.

१०. मग रुंद टायर?

२०×८.००-८ च्या जागी २०×१०.००-८ हा बदल समंजस आहे. उंची तीच राहते, वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाकोऱ्या कमी पडतात. मात्र आठ इंची टायरचा अरुंद रिम दहा इंचीला नीट बसत नाही. टायर फुग्यासारखा मध्यभागी फुगतो. रिमसकट बदला, आणि बदलण्याआधी आतल्या बाजूने डेकला आणि वरून मडगार्डला किती जागा आहे ते मोजा. हवा भरल्यावर टायर आणि लोखंड यांच्यात बोटभर तरी मोकळं हवं.

११. २ प्लाय की ४ प्लाय?

नुसती हिरवळ असेल तर २. काटे, खडी, ट्रेलर ओढणं किंवा मागे गवताच्या जड पिशव्या असतील तर ४. प्लाय म्हणजे आता थरांची मोजणी राहिलेली नाही, ताकदीची प्रत आहे. ४ प्लायचा टायर कडक असतो आणि धक्के जरा जास्त देतो. ६ प्लाय घरगुती मोवरला लावलेला पाहिला की मला बैलगाडीला ट्रकचं चाक लावल्यासारखं वाटतं.

१२. महिन्याला एक पंक्चर! जमिनीत बारीक तीनटोकी काटे आहेत.

तो सराटा. आपला गोखरू, तोच. इथे त्याला गोटहेड किंवा पंक्चर-वाइन म्हणतात आणि टेक्सास, कोलोरॅडो, ॲरिझोना या कोरड्या भागांत तो मुबलक आहे. मूळचा जुन्या जगातला, आपल्यासारखाच इकडे येऊन स्थिरावलेला. लहानपणी अनवाणी पायात जो मोडायचा तो इथे टायरमध्ये मोडतो. टेक्सासमध्ये भर घालायला मेस्किट आहे, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. पूर्वेकडे हनी लोकस्ट नावाच्या झाडाचे काटे चांगले बोटाएवढे असतात.

सराटा टायरने नाही, फावड्याने संपतो. पिवळं फूल दिसलं की फळ धरायच्या आत मुळासकट उपटून पिशवीत भरा. मोवरने कापलात तर बी सगळीकडे पसरतं, शिवाय टायरला चिकटून पुढे जातं. तोपर्यंत ४ प्लाय आणि सीलंट वापरा. त्याचं पुढच्या प्रश्नात.

१३. ट्यूब टाकू की सीलंट?

काट्यांवर सीलंट, गळक्या रिमवर ट्यूब.

सीलंटची बाटली व्हॉल्व्हमधून ओततात. बारीक भोक पडलं की ते आतून बुजतं. सराट्यासाठी हे उत्तम. पण बाजूच्या भिंतीचा चीर त्याने भरत नाही, आणि ते वाळत जातं, कायमचं टिकत नाही. टायर दुकानात नेलात तर आत सीलंट आहे हे आधी सांगा. नाहीतर टायर उघडणाऱ्याच्या अंगावर हिरवा चिखल उडतो आणि तो पुढच्या वेळी तुम्हाला दारात उभं करत नाही.

ट्यूब काटा अडवत नाही. काटा टायर भेदून ट्यूबमध्येच शिरतो. ट्यूबचं काम वेगळं आहे. रिम गंजून कडेने हवा सुटत असेल किंवा टायरला बारीक भेगा असतील तर ट्यूब टाकून दोन-तीन हंगाम ओढता येतात. टाकण्याआधी आतून हात फिरवा, मोडलेला काटा राहिला असेल तर ती ट्यूब आठवड्यात बसते. व्हॉल्व्हही बघून घ्या: टीआर-१३ सरळ असतो आणि टीआर-८७ वाकडा. मोवरच्या टायरला सहसा सरळच लागतो.

१४. बिनहवेचे टायर घेऊन एकदाची कटकट मिटवू का?

पुढच्या चाकांना घ्या, मागे विचार करून. बिनहवेत तीन प्रकार आहेत. भरीव रबर, आत फोम भरलेला टायर, आणि मिशेलिनचा ट्वील. ट्वीलमध्ये चाक आणि टायर एकच असतात आणि मधल्या लवचीक आऱ्या दाबल्या जाऊन हवेचं काम करतात. मिशेलिनने त्यासाठी २०१४ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या पीडमाँटला कारखाना काढला. धंदेवाईक झीरो टर्नवाल्यांना तो परवडतो, कारण त्यांचा एक दिवस बुडाला तर पैसे बुडतात. घरच्या एक एकरासाठी मागचे दोन ट्वील म्हणजे डासाला तोफ.

फोम भरलेले जड असतात, एकदा भरले की दाब कमी-जास्त करता येत नाही, आणि टायर झिजला की फोमसकट फेकावा लागतो. मागच्या चाकांत हे सगळं अंगाशी येतं.

१५. झीरो टर्नच्या पुढच्या छोट्या चाकांना कोणता टायर?

११×४.००-५ किंवा १३×५.००-६ असे साइज असतात. यांना पकड नको असते, गवत न खरवडता गरकन फिरणं हवं असतं, म्हणून गुळगुळीत किंवा उथळ पट्ट्यांचा घ्या. पंक्चर सगळ्यात जास्त इथेच होतात. बिनहवेचा टायर इथे खरोखर शोभतो. फक्त घेताना आसाचा व्यास आणि हबची लांबी मोजून न्या. साइज एकच असला तरी हब अर्धा इंच आखूड निघतो आणि चाक डगडगतं.

१६. एका बाजूला गवत आखूड, दुसऱ्या बाजूला लांब राहतं. डेक दुरुस्तीला नेऊ?

आधी चारी चाकांची हवा बघा. एका मागच्या टायरमध्ये ६ आणि दुसऱ्यात १४ असेल तर डेक कलणारच. हवा सारखी करा, मोवर सपाट काँक्रीटवर आणा आणि मगच पात्याच्या टोकांची उंची मोजा. डेकचे बोल्ट आधी फिरवलेत आणि हवा नंतर भरलीत तर काम दुप्पट होतं. झीरो टर्न सरळ न जाता एका बाजूला ओढत असेल तेव्हाही हाच क्रम ठेवा.

१७. टायर घरी बदलता येतो का? गाडीच्या दुकानाने नाही म्हटलं.

गाडीची दुकानं बहुतेक नाहीच म्हणतात, त्यांच्या यंत्रावर ६-८ इंची रिम बसत नाही. ट्रॅक्टर सप्लायसारख्या शेतीच्या दुकानात किंवा मोवर दुरुस्तीवाल्याकडे विचारा. रिमवर चढवलेला तयार टायरही मिळतो, आणि पुढच्या चाकांसाठी मी तोच घेतो. अर्धा दिवस आणि दोन नखं वाचतात.

चाक काढणं सोपं आहे. टोपी काढली की आत एक क्लिप असते, ती स्क्रूड्रायव्हरने सरकवा. मागच्या चाकात आसाच्या खाचेत लोखंडाची छोटी चावी असते. चाक ओढताना ती गवतात पडते आणि मग सापडत नाही. खाली जुनी चादर अंथरा. ती चावी न घालता चाक बसवलंत तर मोवर सुरू होईल, आवाज करील, पण जागचा हलणार नाही. परत बसवताना आसाला ग्रीस लावा, पुढच्या वेळी स्वतःचे आभार मानाल.

नवा टायर रिमवर फुगत नसेल तर घेराभोवती रॅचेटचा पट्टा आवळा आणि कडेला साबणाचं पाणी लावा. कड फटकन बसते. टायरवर कड बसवण्यासाठी दिलेल्या दाबापलीकडे जाऊ नका. व्हिडिओत स्टार्टर स्प्रे मारून काडी लावून टायर फुगवतात. ते बघून हसा आणि पुढे सरका.

१८. भेगा पडल्यात पण हवा टिकते. बदलू?

केसासारख्या भेगा असतील आणि मोवर सपाट जागेवर चालत असेल तर चालू द्या. आतले धागे दिसायला लागले किंवा भिंतीला टेंगूळ आलं तर लगेच बदला. घरगुती मोवरचे टायर चालवून क्वचितच झिजतात, ऊन लागून आणि बसून वाळतात. हिवाळ्यात मोवर ठोकळ्यांवर उचलून ठेवला आणि खिडकीतलं ऊन अडवलं तर पुष्कळ टिकतात.

१९. त्याच मोवरला पुढे बर्फाचा फाळ लावणार आहे. टर्फ टायर चालतील?

साखळ्या लावून चालतील, न लावता नाही. साखळी टायरच्या साइजची घ्या आणि आधी कोरड्यात लावून बघा, कारण मडगार्डला घासली तर पत्रा फाटतो. मागे वजन लावा. आता प्रश्न ५ च्या उलट सांगतो: ज्याला वर्षात पाच महिने बर्फ ढकलायचा आहे त्याने दाताच्या टायरची दुसरी जोडी रिमसकट बाळगावी आणि नोव्हेंबरात व एप्रिलमध्ये अदलाबदल करावी. ड्राइव्हवेवर साखळीचे ओरखडे उठतात, दातांचे उठत नाहीत.

२०. दाताचे टायर उलटे बसले तर कळतं कसं?

मोवरच्या मागे उभे राहा. दातांची कमान घराच्या छपरासारखी, टोक वर असलेली दिसली तर बरोबर. टोक खाली दिसलं तर डावं-उजवं उलट झालंय. भिंतीवर फिरायच्या दिशेचा बाणही असतो. उलटे बसले तर चिखल बाहेर फेकला न जाता दातांत साचतो आणि टायर गुळगुळीत लाडू होतो. टर्फ टायरला बहुधा दिशा नसते, तरी बाण आहे का बघून घ्या.

२१. पुण्याजवळच्या फार्महाऊसवर राइडिंग मोवर नेलाय. तिथे टायर मिळत नाहीत, इथून पाठवू?

टायर पाठवण्याआधी बीकेटीच्या वितरकाकडे विचारून बघा. बीकेटी म्हणजे मुंबईची बालकृष्ण इंडस्ट्रीज. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला त्यांचा कारखाना आहे आणि त्यांच्या यादीत लॉन आणि गार्डनचे टायरही असतात. गंमत अशी, की इथल्या दुकानातही हे नाव दिसतं. मागताना ‘मोवरचा टायर’ असं न म्हणता प्रश्न १ मधले तिन्ही आकडे सांगा, नाहीतर समोरचा मिनी ट्रॅक्टरचा दाखवील. तोवर काम अडलं असेल तर जुन्या टायरमध्ये ट्यूब घालून घ्या. रिमचा साइज सांगितला तर तिथला पंक्चरवाला जमवून देतो, आणि ८ इंची रिम बघून ‘दुकानात ने’ असं तुम्हाला म्हणत नाही.